आयएफकॉन्फिग, नेटस्टॅट आता सोडायचं का?

सर्व्हरवाला: नवीन डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर लावला की मी आधी नेट-टूल्स हे जुन्या नेटवर्क कमांडचं पॅकेज टाकतो, कारण त्यातल्या आयएफकॉन्फिग (नेटवर्क इंटरफेस म्हणजे जोडण्या आणि त्यांचे पत्ते दाखवणारी) आणि नेटस्टॅट (चालू कनेक्शन दाखवणारी) हातात बसल्यात. टीममधले एक सिनियर म्हणतात हे बंद कर, त्यांच्या जागी आयपी आणि एसएस या नवीन कमांड वापर. जुनं नीट चालतंय तर नवीन पाठ करून खरंच फायदा आहे का? की नुसता एलियास (कमांडला दिलेलं टोपणनाव) टाकून भागेल?

रूटकाका: अरे नीट चालतंय असं तुला वाटतंय. आयपी कमांडने एका इंटरफेसवर दुसरा पत्ता लेबल न देता लावला तर आयएफकॉन्फिग तो दाखवतच नाही, म्हणजे सर्व्हर त्या पत्त्यावर उत्तर देतोय आणि स्क्रीनवर पत्त्याचा पत्ताच नाही, मग आयपी कॉन्फ्लिक्ट (एकच पत्ता दोन मशीनवर) शोधत बस रात्रभर. डेबियनने 2017 मध्ये, 9 व्या आवृत्तीपासून, नेट-टूल्स डीफॉल्टमधून काढलं ते उगाच नाही. नेटस्टॅटचं तर सोपंय, -टीयूएलपीएन हे फ्लॅग (कमांडपुढे द्यायचे पर्याय) एसएसला जसेच्या तसे चालतात, आणि कनेक्शन हजारोंनी असली की एसएस कितीतरी लवकर उत्तर देतं.

शेलप्रेमी: एलियास नको, दोघांची वाक्यरचनाच वेगळी आहे आणि बॅश स्क्रिप्टमध्ये एलियास तसाही चालत नाही. आयपी -बीआर ए एवढंच शिक, एका ओळीत एक इंटरफेस, वाचायला मस्त. आणि आयपी रूट गेट पुढे पत्ता दे, पॅकेट कुठल्या गेटवेने (पुढच्या राउटरने), कुठल्या इंटरफेसवरून जाणार ते कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः सांगतो, मला तर याच एका कमांडसाठी आयपी आवडतं.

डेमनभक्त: हे सगळं लिनक्सपुरतं हां. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आयएफकॉन्फिग हीच तिथली खरी कमांड, व्हीलॅन, ब्रिज, वायफाय सगळं तीच करते, आयपी नावाची कमांड तिथे नाहीच. जी सिस्टिम समोर आहे तिचं स्वतःचं हत्यार बघा.

सर्व्हरवाला: धन्यवाद मंडळी. पण एका जुन्या स्क्रिप्टमध्ये आयएफकॉन्फिगचं आउटपुट ऑकने (मजकुरातून तुकडे काढणारी कमांड) कापून पत्ता काढलाय, ते राहू दे का?

रूटकाका: ते आधी बदल. जुन्या नेट-टूल्समध्ये 'आयनेट ॲडर:' असं यायचं, नवीनमध्ये नुसतं 'आयनेट', त्यामुळे अशा कित्येक स्क्रिप्ट अपग्रेडनंतर गप रिकामा पत्ता देतात. आयपी -जे दे, जेसन (प्रोग्रामला वाचायला सोपी ठरावीक मांडणी) मिळतं, त्यातून पत्ता जेक्यूने (जेसन वाचणारी कमांड) उचल.