अनुभव धागा: घरच्या बागेतला हरभरा

पुणे, गच्चीवरची बाग
गेल्या नोव्हेंबरात डब्यातले मूठभर चणे रात्रभर भिजवले आणि पसरट कुंडीत टोचले. आठवड्याभरात कोंब वर आले. पालेभाज्यांच्या सवयीने रोज पाणी घातलं, शेणखतही सढळ हाताने. झाडं दाट, हिरवीगार झाली. फुलं मात्र मोजून नऊ-दहा आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, तीन! पुढे एकेक झाड पिवळं पडून मान टाकू लागलं. उपटून मूळ उभं चिरलं तर आत काळसर रेघ. पाणी जास्त झालं असं मला वाटतं. यंदा पुन्हा लावायचाच आहे. गच्चीत, परसात, गॅलरीत ज्यांनी हरभरा काढलाय त्यांनी लिहा ना: कधी पेरला, पाणी किती दिलं, घाटे भरले का. फसलं असेल तर तेही हवंय.

छत्रपती संभाजीनगर, घरामागचं परस
ताई, आमचं गाव परभणीकडचं. पाऊस सरला की काळ्या रानात पेरायचा आणि जमिनीतल्या ओलीवर, थंडीच्या दवावर पीक निघायचं. पाण्याची सोय असलेले लोकही दोनच पाळ्या द्यायचे, एक फुलं लागायच्या आधी आणि दुसरी घाटे भरताना. कुंडीत ओल तेवढी टिकत नाही, म्हणून मी बोट दोन पेरं आत घालून बघते. कोरडं लागलं तरच पाणी, तेही बुडाशी.

झाड महिन्याचं झालं की शेंडे खुडायचे, हे विसरू नका. खुडलं की बाजूने फांद्या फुटतात आणि घाटे फांद्यांनाच धरतात. फुलं दिसली की मात्र हात लावायचा नाही. खुडलेल्या पाल्याचा आमच्याकडे घोळाणा होतो: पाला बारीक चिरून कांदा, तिखट, मीठ, तेल, सोबत ज्वारीची भाकरी. माझी आजी हा पाला धुऊ द्यायची नाही, आंब जाते म्हणून. पानांवरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो, ती आंब. पहाटे आजी दवाने भिजलेल्या पिकावर पांढरं धोतर पसरायची आणि ते पिळून बाटली भरायची. घरात कुणाचं पोट दुखलं की ती बाटली निघायची. माझ्या परसात जेमतेम वीस झाडं आहेत, पण सकाळी पाल्यावरून हात फिरवून बोट जिभेला लावलं की तीच चव येते आणि मला भरून येतं.

अकोला
पुण्याच्या ताई, मुळातली काळी रेघ हे मर रोगाचं लक्षण आहे. जास्तीच्या पाण्याने पाला माजतो, मूळही कुजतं, पण तुमची झाडं बहुतेक मरीने गेली. तिची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे त्या मातीत हरभरा नकोच. डब्यातला चणा कोणत्या वाणाचा हेही कळत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे वाण मरीला दाद देत नाहीत; बियाण्याच्या दुकानात मागा आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळून पेरा. शेणखत मूठभर पुरे. कारण मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला पुरवतात.

दुसरा शत्रू घाटेअळी. घाट्याला गोल भोक दिसलं की समजायचं, अळीने डोकं आत घालून दाणा खाल्ला. कुंड्यांमध्ये औषध कशाला? सकाळी मुलीला घेऊन अळ्या वेचतो. कुंड्यांमध्ये एक आडवी काठी बांधली आहे, तिच्यावर पक्षी बसून उरलेल्या टिपतात.

ठाणे, गॅलरी
पहिल्यांदा ऑगस्टमध्ये पेरला, सगळा कुजला. नोव्हेंबरात पेरला तो उगवला, पण गॅलरीत ऊन तीनच तास, त्यामुळे झाडं उंच आणि लुळी. आता दाट पेरून फक्त भाजीसाठी काढते. कमी उन्हाच्या घरांना हेच सांगेन.

ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया
इथे ऋतू उलटे, म्हणून मे महिन्यात पेरतो. क्वीन्सलंडात शेतकरीही तेव्हाच पेरतात आणि इथला देशी हरभरा जहाजाने भारतात जातो. माझी जुलैतली पहिली फुलं गळाली तेव्हा वाईट वाटलं होतं. फार थंडीत घाटा धरत नाही, हे नंतर कळलं. ऑगस्टअखेर ऊन चढलं आणि घाटे लागले. उलट पेरणी लांबवली तर फुलोरा कडक उन्हात सापडतो, तेव्हाही फुलं गळतात. देशीला जांभळट-गुलाबी फुलं आली, काबुलीला पांढरी. एका घाट्यात एक, फार तर दोन दाणे. बारा झाडांचे मिळून वाटीभर सोलाणे, म्हणजे ओले हिरवे दाणे, झाले. त्याची आमटी केली आणि आईला व्हिडिओवर दाखवली.

पुणे, गच्चीवरची बाग
दादा, अगदी तशीच रेघ होती. त्या कुंडीत यंदा मेथी टाकते, हरभऱ्याला नवी माती. परभणीच्या ताई, घोळाण्यात तेल कच्चंच ना?

छत्रपती संभाजीनगर
कच्चंच. शेंगदाण्याचं घ्या.