सातवीला विषयागणिक प्रकल्प कशासाठी? सत्राला सगळ्या विषयांचा मिळून एकच का नको?

पांदीचा वाटसरू

मी सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवतो. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवीला आकारिकला, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाला, ४० टक्के; संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ६० टक्के. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांच्या जोडीला प्रकल्प येतो, आणि तो प्रत्येक विषयाचा शिक्षक आपापला देतो. म्हणजे एका पोरावर एका सत्रात सहा-सात प्रकल्प. इतिहासाला किल्ल्यांची चित्रं, मराठीला संतांची माहिती, विज्ञानाला पचनसंस्थेची आकृती. सगळं एकाच दुकानातून आणलेलं, डिंकाने चिकटवलेलं. तपासताना कळतं की यात पोराचं स्वतःचं असं फक्त नाव आणि हजेरी क्रमांक आहे.

म्हणून गेले दोन पावसाळे आम्ही चौघा शिक्षकांनी मिळून जून ते ऑक्टोबर एकच प्रकल्प घेतला, गावाचं पाणी. पोरांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापक केले. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून तिथे खडे भरून, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी ओतून ती शून्याची रेघ धरली. रोज सकाळी परिपाठाआधी नोंद.

पहिल्याच मोठ्या पावसाला भांडण झालं. एका गटाची नोंद १६ मिलिमीटर, दुसऱ्याची ३६. दुसऱ्या गटाने जास्त पाणी धरायचं म्हणून ८ सेंटिमीटरच्या बाटलीवर १२ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं बसवलं होतं. पोरं म्हणाली, बारा म्हणजे आठाची दीडपट, मग २४ यायला हवे होते, ३६ कसे आले? मी उत्तर दिलं नाही. आलेख कागदावर दोन्ही तोंडांची वर्तुळं काढून चौकोन मोजायला लावले. एकात साधारण ५०, दुसऱ्यात ११३. सव्वादोनपट. आणि १६ ची सव्वादोनपट ३६. ज्या मुलीला हे आधी दिसलं ती वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती उठून फळ्यापाशी आली.

पुढे वर्गखोलीच्या छताचं माप घेतलं, पंचवीस फूट बाय वीस, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. त्या एका पावसाचे ७३६ लिटर आपल्या डोक्यावरून ओघळून गेले हे पोरांनीच काढलं. दहा हजार लिटरच्या टँकरला असे चौदा पाऊस लागतील हेही. मराठीला आजी-आजोबांच्या मुलाखती घेतल्या. आमचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून केलाय. मिलो (तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदत म्हणून वाटलेला कोरडा खाऊ) खाऊन ते काम झालं हे आजीच्या तोंडून ऐकलेलं पोर ते विसरणार नाही.

माझं म्हणणं इतकंच: सत्राला एकच प्रकल्प, प्रश्न गावातला, आणि त्याचे गुण सगळ्या विषयांना.

अंकगणिताचा मास्तर

सर, तुमची कळकळ कळते. तरीही मी विरोधात आहे, आणि तुमच्याच उदाहरणावरून.

वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवीला आहे. सातवीच्या वर्तुळ पाठात परीघ, कंस, केंद्रीय कोन. म्हणजे आठवीच्या मुद्द्यावर तुमच्या किती तासिका गेल्या? तीन? चार? त्या कुणाच्या गेल्या? गणिताच्याच ना? सातवीला परिमेय संख्या आहेत, बैजिक राशी आहेत, पायथागोरस आहे. यातलं तुमच्या बाटलीत काय येतं? जोडस्तंभालेख येतो, समप्रमाण येतं, बाकी नाही. गणिताला स्वतःचा क्रम आहे. एक पायरी सुटली की पोर पुढच्या वर्षी अडखळतं, आणि तेव्हा त्याच्याजवळ कुठलाही प्रकल्प नसतो.

माझ्या वर्गात आज अकरा मुलं अशी आहेत ज्यांना तीन अंकी संख्येला दोन अंकीने भागता येत नाही. गटात प्रकल्प केला की ही अकरा मुलं बाटली धरतात, आणि आकडेमोड ज्याला येते तोच करतो. प्रकल्प उत्तम होतो. ती अकरा मुलं होती तिथेच राहतात. मला त्यांच्यासाठी रोजची पस्तीस मिनिटं हवीत, पाटीवर, सरावाची. ती मी कशालाही देणार नाही.

सातवी-ब ची आई

मी पालक म्हणून पांदीचा वाटसरू सरांच्या बाजूने. मागच्या सत्रात रात्री साडेनऊला कार्डशीट आणायला मी दुकान उघडायला लावलंय. दुसऱ्या दिवशी तीन प्रकल्प द्यायचे होते. माझा हात दुखेपर्यंत मीच कापत बसले आणि लेक झोपून गेली. हे बंद व्हायलाच हवं.

पण सर, एक विचारते. गटप्रकल्पात माझ्या मुलीला दर वेळी एकच काम येतं: अक्षर छान म्हणून लिहायचं आणि कडेने नक्षी काढायची. मोजायला, बाहेर जायला, माहिती विचारायला मुलगे. तुमच्याकडे छताचं माप कुणी घेतलं? शिडीवर कोण चढलं?

पांदीचा वाटसरू

ताई, खरं सांगतो, पहिल्या वर्षी मुलगेच चढले. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या वर्षी कामाचा तक्ता लावला. मापणारा, नोंद करणारा, गणित करणारा, लिहिणारा अशी चार कामं, दर सोमवारी बदल. त्यातून मास्तरांच्या प्रश्नाचंही थोडं उत्तर निघतं, कारण गणित करायची पाळी प्रत्येकावर येते. भागाकार न येणारा पोरगा त्या आठवड्यात अडला की गट त्याच्यापाशी थांबतो. पूर्ण उत्तर नाही हे, मान्य.

तासिकांचं म्हणाल तर वर्तुळाला दोन गेल्या, दोन्ही माझ्या विज्ञानाच्या.

गोदाकाठ

मी बीडकडची, सहावी-सातवीला भाषा शिकवते. माझा आक्षेप वेगळाच आहे. आमच्याकडे दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. वर्गातली निम्मी पोरं आईबापाबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, परततात ती मार्चच्या पुढे. लांबलचक प्रकल्पात ही पोरं मध्येच गळतात. पाठ बुडाला तर परत आल्यावर तो शिकवता येतो, पुस्तक हातात असतं. चालत्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्या पोराला परत आत कसं घ्यायचं? त्याच्या गटात त्याची जागा भरलेली असते. माझ्या एका विद्यार्थ्याने कापसाच्या प्रकल्पात वेचणीपर्यंत सगळ्या नोंदी ठेवल्या होत्या. मांडणी झाली तेव्हा तो कारखान्याच्या पालावर होता, आणि तक्त्यावर त्याचं नाव घालायचं राहून गेलं. चूक माझीच होती, आणि ती मला अजून टोचते.

पांदीचा वाटसरू

ताई, आम्ही पावसाळ्याचाच विषय धरला त्याचं हेही एक कारण होतं. दसऱ्याच्या आत मांडणी उरकायची. पण दुसऱ्या सत्राचं काय, हे मलाही सुटलेलं नाही.

तुळईवरची टकळी

माझे वडील बेसिक ट्रेनिंग झालेले शिक्षक होते. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योग मध्यभागी आणि त्याच्याभोवती सगळे विषय. याला समवाय म्हणत. तेव्हा विषय जोडणं काल-परवाचं खूळ आहे असं कुणी म्हणू नये.

पण वडील शेवटपर्यंत एक तक्रार करायचे, आणि ती पांदीचा वाटसरू सरांनी ऐकावी. प्रत्येक पाठ टकळीला, म्हणजे सूत कातायच्या चातीला, जोडलाच पाहिजे असा वरून आग्रह सुरू झाला. मग सूत कातताना कापूस कुठे पिकतो इथवर ठीक, पण हिमालयातल्या नद्याही त्याच सुताला बांधायच्या. शिक्षक वहीत खोटा समवाय लिहू लागले. अधिकारी खूश, मुलं कंटाळलेली. जे जुळतं ते जोडा, जे जुळत नाही ते सुटं शिकवा, असं त्यांचं मत. तुमच्या पोस्टमधलं “गुण सगळ्या विषयांना” हे वाक्य मला त्यासाठी धोक्याचं वाटतं. गुण सगळ्यांना द्यायचे म्हटलं की हिंदीचे सर कुठून तरी हिंदी आणतील.

आणि एक. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून एकेका भागात सगळे विषय बांधले, मध्ये नोंदींसाठी कोरी पानं घातली. दप्तर हलकं झालं असेल, विषय काही जवळ आले नाहीत. एका कव्हरात घातल्याने ते होत नसतं.

पांदीचा वाटसरू

“गुण सगळ्या विषयांना” हे मी मागे घेतो. आमच्याकडेही इतिहासाचं तसंच झालं होतं. गडावर आधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी खणावी, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं सांगितलं. ते सातवीच्या इतिहासाला धरून होतं आणि पोरांना रुचलं. पण पुढे गुणांसाठी आणखी चार मुद्दे ओढून आणले, ते कुणालाच आठवत नाहीत. ज्या विषयाचं खरं काम झालं त्यालाच गुण, बाकीच्यांनी आपलं आकारिक दुसऱ्या साधनाने घ्यावं. तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे. प्रकल्पच हवा असं नाही.

अंकगणिताचा मास्तर

एवढं झालं तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा कायम आहे. भागाकार न येणाऱ्या पोरासाठी गट थांबतो म्हणता, पण गट किती वेळ थांबेल? आणि सगळ्यांसमोर अडणं त्या पोराला सोसवतं का? माझ्याकडच्या अकरातल्या चौघांना सोसवत नाही, ते दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाहीत. त्यांच्याशी मी एकेकटा बसतो. ती तासिका प्रकल्पाला मिळणार नाही, सांगून ठेवतो.

मात्र तुमचे दोन्ही वर्षांचे पावसाचे आकडे मला हवेत. जोडस्तंभालेखाला पुस्तकातली उदाहरणं संपली की मी मनाने आकडे घालतो, आणि पोरांना ते लगेच कळतं.

पांदीचा वाटसरू

आज संध्याकाळी टाकतो, महिनावार बेरीज आणि दिवसवार नोंद दोन्ही. पहिल्या वर्षी पालखी आमच्यावरून गेली त्या तीन दिवसांची नोंद नाही, शाळेत कुणीच नव्हतं. चौथ्या दिवशीच्या आकड्यात त्या सगळ्या दिवसांचा पाऊस एकत्र आहे, म्हणजे महिन्याची बेरीज जवळपास बरोबर येते. दिवसवार आलेख काढलात तर त्या तीन जागा कोऱ्या सोडा. पोरं तिथे शून्य मांडतात. आमच्याही पोरांनी मांडला होता.