परदेशात बिऱ्हाड मांडताना : तुमचे अनुभव सांगा

फोंडा
धाकटी लेक आणि जावई लवकरच ब्रिटनमधल्या स्विंडनला बिऱ्हाड करताहेत. घरात सामानाची यादी रोज वाढतेय : सोलां (आमसुले), तिरफळे, उकडे तांदूळ, तूप, मिक्सर. गोव्यातली कितीतरी घरे बाहेर स्थिरावली आहेत, म्हणून विचारते. पाककृती नकोत, रोजच्या घरकामातले सांगा. देश कुठलाही चालेल, पुढे जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

स्विंडन
काकू, मिक्सर खुशाल द्या. इथली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, फक्त पिना वेगळ्या. तूप आणि पेढे मात्र काढून ठेवा. भारतातून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ सामानातून आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. बिनमिठाचे लोणी इथे कुठेही मिळते, ते कढवले की झाले.

पाणी फार जड. आळसांदे (आपली गोव्याची मोठी चवळी), चणे कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली लागतात. रात्री भिजवतानाच चिमूटभर खायचा सोडा घालायचा. किटलीत पांढरा थर धरतो, व्हिनेगर आणि पाणी घालून उकळले की सुटतो.

आता खरे सांगायचे ते बुरशीचे. आपल्याकडे पावसात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना येते, तीच इथे हिवाळ्यात भिंतींना येते. कपडे खोलीतच वाळत घालावे लागतात, कुकरची वाफ घरातच कोंडते आणि थंड भिंतीवर तिचे पाणी होऊन बसते. म्हणून कपाट, पलंग बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, चार बोटे जागा सोडावी. स्वयंपाक करताना वाफ बाहेर टाकणारा पंखा चालू आणि दार बंद. सकाळी काचांवरचे पाणी फडक्याने पुसून फडके मोरीत पिळावे. कितीही थंडी असो, थोडा वेळ खिडकी उघडावीच. लहान मूल असेल तर यात अजिबात हयगय नको, बुरशीने खोकला धरतो.

न्हाणीघराच्या फरशीला पाणी जायला वाट नसते. तांब्याने अंग धुवायचे ते टबात बसूनच. बाहेर पाणी मुरले तर खालच्या छताला डाग पडतो आणि भाड्याच्या घराची अनामत त्यात जाते.

दुबई
शागोतीच्या, म्हणजे आपल्या कोंबडी-मटणाच्या रश्श्याच्या, मसाल्याबद्दल कळकळीने सांगते. त्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, वाटून मसाल्यात गेलेलीसुद्धा. आमची आई मसाला करते तेव्हा आमच्या वाट्याचा खसखस घालण्याआधीच काढून ठेवते. तीळ थोडे जास्त घेतले की दाटपणा येतो. औषधांचेही तसेच, दुखण्यावरच्या आणि खोकल्याच्या काही गोळ्या-औषधांवर इथे निर्बंध आहेत. यादी आधी तपासावी, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. बाकी नारळ, केळीची पाने, बांगडे सगळे मिळते.

टोरांटो
इकडे येणाऱ्यांनी भारतातला मिक्सर आणू नये. वीज 120 व्होल्टची, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे नुसते ओझे. इथल्या विजेवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर ब्रॅम्प्टनच्या दुकानांत मिळतात.

इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही. ओव्हन बंदच ठेवून आतला दिवा तेवढा लावायचा आणि पातेले रात्रभर आत. दारावर चिठ्ठी चिकटवायची, नाहीतर सकाळी घरातले कुणी न बघता ओव्हन चालू करते.

फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून काही जण त्यावर पिशवी बांधतात. कृपा करून तसे करू नका, घरे लाकडी असतात. पंखा आधी लावा, तेलातून धूर निघेपर्यंत तापवू नका. बांगड्यांना रवा लावून, तेल चोपडून ओव्हनमध्ये भाजले तर वासही कमी होतो. जॅकेटे त्या आधी कपाटात बंद करावीत, लोकरीतला वास आठवडाभर जात नाही.

म्हापसा
सुनेच्या बाळंतपणाला लिस्बनला राहून आले. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका गे. तेलामुळे त्या तापून पेटू शकतात, म्हणून विमानाच्या धोकादायक मालात धरतात. मार्तिम मोनिझच्या बाजूला आशियाई दुकानांत किसलेला गोठवलेला नारळ मिळतो. तो पुरता वितळू द्यावा आणि कोमट पाण्यातच वाटावा, गार वाटला तर चरबी सुटून हुमणात (माशाच्या कढीत) गोळे तरंगतात. बांगड्यासारखा मासा तिथे ‘कवाला’ नावाने मिळतो, आपल्या तिरफळांबरोबर चांगला लागतो. बिया काढून नुसती टरफले न्यावीत, जागाही कमी लागते.

मडगाव
भांड्यांबद्दल कुणी लिहिले नाही. तिकडे पुष्कळ घरांत इंडक्शन असते, त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई तापत नाहीत. घरमालकाला शेगडी कुठली ते विचारून घ्या. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच बॅगेत भरा.