गल्लीच्या चित्रात पडकी भिंत कशाला?

चित्रकला मास्तर, अंबाजोगाई
इंटरमिजिएटच्या पोरांना स्मरणचित्राला 'आमची गल्ली' दिली. एकूण एक पोरानं कौलारू घर, पिंपळ अन् डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई काढली. शाळा मोंढ्यामागं. तिथं ना कौल ना पिंपळ. बाया टँकरच्या वाटेकडं डोळे लावून निळ्या ड्रमांपाशी बसतात.

म्हणून मोबाईलवर डच चित्रकार व्हर्मीरचं चित्र दाखवलं, हॉलंडमधल्या त्याच्या डेल्फ्ट गावची गल्ली, साधारण 1658 ची. दारात शिवत बसलेली बाई, पाठमोरी खेळणारी दोन पोरं, बोळीत पिंपाशी वाकलेली एक. चेहरा एकाचाही धड नाही. बाकी विटांची भिंत, तडे बुजवलेली, खाली चुन्याचा पट्टा. एक पोरगं म्हणालं, "सर, गाव एवढं श्रीमंत, मग पडकी भिंत काऊन काढली?" मला नीट सांगता येईना. तुम्ही काय सांगितलं असतं?

ओसरी
सर, गिऱ्हाईक बघा. तिथली प्रोटेस्टंट चर्चं चित्रं मागवत नव्हती. घेणारे व्यापारी, दारू गाळणारे, बेकरीवाले. घरात टांगायला घ्यायचे. चित्र आहेच केवढं, 54 बाय 44 सेंटीमीटर. पैसा मुरलेल्या माणसाला महालाचं अप्रूप नसतं.

उदगीरकर
पटलं नाही. पैसेवाल्याला पडकी भिंत कशाला आवडेल? 1654 मध्ये डेल्फ्टमध्ये दारूगोळ्याचं कोठार उडालं, गावाचा मोठा भाग भुईसपाट झाला. व्हर्मीर तेव्हा बाविशीत, गावातच. किल्लारीनंतर आमच्याकडंही उभ्या राहिलेल्या भिंतीकडं लोक वेगळ्या नजरेनं बघायचे. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

ओसरी
अंदाज भारी आहे, भाऊ. पुराव्याचं एक सांगते. 2015 मध्ये फ्रान्स ग्रायझेनहाउट या अभ्यासकानं 1667 ची करपट्टीची वही शोधून काढली. कालवा उपसायला कोणत्या घरानं किती भरायचे ते तिच्यात, घराची रुंदी मोजून. त्यावरून त्यांनी चित्रातल्या गल्लीची जागा ठरवली. उजवीकडच्या घरात व्हर्मीरची विधवा आत्या राहायची, वजडी विकायची. शेजारच्या बोळीला नावच 'वजडीचं दार'.

चित्रकला मास्तर, अंबाजोगाई
वजडी! उदगीरकर, किल्लारीचं वाचून थांबलोच जरा. पण पोरांना आत्याच सांगितली. मागच्या बाकावरचं एक कधी तोंड उघडत नाही, ते म्हणालं, "आमची आत्या पण मोंढ्याच्या कोपऱ्यावर वजडी विकते." मग त्यानं शीट उलटी केली अन् मागच्या कोऱ्या बाजूला आधी पत्र्याचं शेड काढलं, मग टोपलं. आत्या अजून काढायची आहे.