धडधाकट बाळांची ऊर्जा मोजायची तरी कशाला?

रात्रपाळी: काल इथे एकांनी लिहिलं, 'आजारी बाळाचं समजू शकतो, पण धडधाकट तान्ह्याला घुमटाखाली झोपवून त्याचा श्वास मोजणं हा निव्वळ छळ आहे.' वाचून डोकं उठलं. घुमट पारदर्शक असतो, आतली हवा सतत ओढली जाते. ऑक्सिजन किती खर्च झाला, कार्बन डायऑक्साइड किती निघाला, त्यावरून उष्मांक काढतात. टोचाटोची शून्य. आणि आजारी बाळाचा ऊर्जेचा खर्च वाढलाय हे ठरवणार कशाशी ताडून? बाळांना किती ऊर्जा लागते याचे १९८५ चे आंतरराष्ट्रीय आकडे बाळं किती पितात यावर बेतलेले, वर पाच टक्के पदरचे. पुढे प्रत्यक्ष खर्च मोजला तर गरज कमी निघाली आणि २००४ च्या अहवालात आकडे उतरवावे लागले. निरोगी बाळं मोजली म्हणूनच ना?

जुनं खोड: 'बेसल', म्हणजे शरीर नुसतं चालू ठेवायला लागणारा खर्च म्हणायचं, तर उपाशीपोटी, जागं आणि निश्चल हवं. तान्ह्याला सांगून बघा! म्हणून दूध पाजून, झोपवून मोजतात; पचनाचा खर्चही त्यातच येतो. अशा आकड्यावर एवढा रुबाब कशाला?

तिन्हीत्रिकाळ: माझी मुलगी अशाच एका अभ्यासात होती. मांडीवर गाढ, घुमटाखाली ठेवली की टक्क जागी. चौथ्या वेळी झोपली आणि अकराव्या मिनिटाला लाथ मारून नळीच उपसली. छळ झाला तो यंत्रावरच्या ताईंचा. पण ते 'जड पाणी' पाजायला मी साफ नकार दिला. किरणोत्सर्गी काहीतरी…

रात्रपाळी: किरणोत्सर्गी नाही हो! ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८, दोन्ही स्थिर. पहिलं फक्त पाण्यावाटे जातं, दुसरं कार्बन डायऑक्साइडवाटेही. लंगोटातल्या कापसातून लघवी घेऊन दोन्हींच्या घटण्यातला फरक काढायचा, त्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि मग ऊर्जेचा खर्च कळतो, बस. त्यातूनच कळलं की अंगावर पिणाऱ्या बाळांचा खर्च वरच्या दुधावरच्यांपेक्षा कमी असतो.

तिन्हीत्रिकाळ: आलीच का गाडी तिथे! माझी वरच्या दुधावरची होती. म्हणजे मी तिला उगाच दमवलं?

रात्रपाळी: असं मी कुठे म्हटलं?

तिन्हीत्रिकाळ: म्हणायला लागत नाही. दूध येईना म्हणून सहा आठवडे रात्री रडले आहे मी. तेव्हाही प्रत्येकाकडे एक आकडा होता.

पाऊणपट: आमच्याकडे उलटं. अंगावर पिणारा, वजनाची रेघ जरा सपाट झाली की 'दूध पुरत नाही, वरचं सुरू करा'. पहिल्या महिन्यात गरजेतला जवळपास चाळीस टक्के वाटा निव्वळ वाढीचा, वर्षाच्या शेवटी जेमतेम तीन. रेघ सपाट होणारच की! हे मला कोणी सांगितलं नाही.

जुनं खोड: आपण चयापचयावर बोलत होतो.

तिन्हीत्रिकाळ: तुम्ही बोलत होतात. आम्ही पाजत होतो.

जुनं खोड: बरं बाई. जड पाण्याच्या मोजणीत बाळ घरीच असतं, हवं तेव्हा पितं, रडतं, लोळतं. तेवढं त्या पद्धतीचं चांगलं आहे, मानलं. घुमटाचं मात्र मानत नाही.

रात्रपाळी: घुमटाचं त्या नळी उपसणारीलाच विचारा.