मिठातलं आयोडीन काढा म्हणणाऱ्यांना

सातपुडा

नात्यातल्या एका मुलीनं चौथा महिना चालू असताना थायरॉइडची गोळी बंद केली. कारण सोसायटीच्या ग्रुपवर आलेली एक पोस्ट: 'आजीच्या काळी खडेमीठ होतं, थायरॉइड नव्हता. सरकारनं आयोडीन सक्तीचं केलं आणि घराघरात गोळी आली. सैंधव खा, तीन महिन्यांत गोळी सुटेल.' म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

आजीच्या काळी थायरॉइड नव्हता हे कुणी ठरवलं? मी धडगाव-अक्कलकुव्याकडे आरोग्य खात्यात नोकरी केली. तिथल्या पाड्यांवर गळ्याला गाठ असलेल्या बाया इतक्या नेहमीच्या होत्या की त्याला कुणी आजारच म्हणत नव्हतं. डोंगरउताराच्या जमिनीतलं आयोडीन पाऊस धुऊन नेतो. मग ते धान्यात आणि दुधात येणार कुठून?

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, मधल्याला साधं. सुरुवातीला तिन्हीकडे शंभरात अडतीसएक लोकांना गलगंड, म्हणजे गळ्याची तीच गाठ, होता. १९६२ पर्यंत आयोडीनवाल्या दोन्ही भागांत तो निम्म्यावर आला, साध्या मिठाच्या भागात होता तिथेच राहिला. मग त्यांनाही तेच मीठ दिलं, आणि १९६८ पर्यंत तिथलंही प्रमाण उतरलं. त्याच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

गलगंड निदान दिसतो तरी. गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती नंतर कशानंही भरून निघत नाही. सैंधवात आयोडीन नावापुरतं असतं, साध्या समुद्री मिठातही तसंच. पाकिटातल्या मिठात ग्राहकाच्या हाती येईपर्यंत किलोमागे १५ मिलिग्रॅम उरायला हवं. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम झालं, म्हणजे मोठ्या माणसाची रोजची गरज. गरोदर बाईला २५० लागतं. आणि थायरॉइडची गोळी हे आयोडीन नव्हे, ते हार्मोन आहे. मीठ बदलून ती सुटत नाही.

खाजण

ताई, गर्भवतीची गोळी बंद करायला लावणारा माणूस गुन्हेगार आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही सक्तीचं समर्थन करताय तिथे मी थांबवणार.

आमचं पेणकडे मिठागर होतं. १९३० साली शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या कशासाठी? किनाऱ्यावरच्या माणसाला मीठ पिकवता आणि विकता यावं म्हणून. १९९० च्या दशकाच्या शेवटी साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, २००० साली उठली, २००६ च्या मे महिन्यात पुन्हा लागली. आयोडीन फवारायचं यंत्र, तपासणी, छापील पिशवी, परवाना, हे सगळं चार वाफ्यांच्या आगरवाल्याला झेपतं का? आमचं मीठ बर्फाला, कातड्याला आणि मासे खारवायला तेवढं उरलं. पाकिटं मोठ्या कंपन्यांची.

आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंच तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. तेही लिहा. आगरी-कोळ्यांच्या ताटात रोज मासळी असते. धडगावची गरज आमच्यावर का लादता?

सातपुडा

न्यायालयानं आयोडीन वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली असा नियम करता येत नाही, एवढाच निकाल. नियम एका झटक्यात गेला तर लोकांचं नुकसान होईल म्हणून तो सहा महिने चालूही ठेवला. नंतर नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली तीच बंदी आहे. छोट्या आगरवाल्यांना सरकारनं यंत्रं द्यायला हवी होती, सहकारी तत्त्वावर फवारणी केंद्रं काढायला हवी होती. ते झालं नाही, हा अन्याय आहे, मान्य. पण त्याचा राग आयोडीनवर काढू नका.

टीएसएच_पुणे

कांगड्याचं कौतुक करताना मधल्या भागातल्या गरोदर बायांना उत्तर माहीत असूनही वर्षानुवर्षं साधं मीठ दिलं, हे कुणालाच खटकत नाही का? त्या काळात पोटात असलेल्या मुलांचं काय झालं असेल?

दुसरं. मला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीरच स्वतःच्या थायरॉइडवर उलटतं तो आजार, आईला आहे, आता मुलीच्याही अँटिबॉडी वाढल्यात. देशातल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड कमी चालणं, निघाला. 'सैंधव खा' हा मूर्खपणा आहे, पण 'आयोडीनचा काही संबंध नाही' हेही खरं नाही. चीनमध्ये थोडं कमी, पुरेशाहून थोडं जास्त आणि फारच जादा आयोडीन मिळणाऱ्या तीन भागांतल्या लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं, ते २००६ साली प्रसिद्ध झालं. कमी आयोडीनच्या भागात नव्यानं सौम्य हायपोथायरॉइड झालेले ०.२ टक्के, पुरेशाहून थोडं जास्त असलेल्या भागात २.६, फारच जादा असलेल्या भागात २.९. डेन्मार्कनं २००० साली सक्ती केली ती किलोला फक्त १३ मिलिग्रॅमची, आणि लोकांच्या तपासण्या करत राहिले. तिथेही हायपोथायरॉइड थोडा वाढलाच. मग आपल्याकडे कोण मोजतंय?

सातपुडा

चीनचे आकडे बरोबर आहेत. मधल्या भागाबद्दलचा तुमचा प्रश्नही रास्त आहे, आजच्या नीतिसमितीनं तो अभ्यास तसा होऊ दिला नसता. पण तुम्ही दोन गोष्टी एका तराजूत टाकताय. सौम्य हायपोथायरॉइडला रक्ततपासणी आहे, लागली तर गोळी आहे. जन्मतः मंद झालेल्या मुलाला काय आहे? दोन्हींतून एक निवडायचंच असेल तर मी पाच वेळा मीठ निवडीन.

टीएसएच_पुणे

गोळी आहे म्हणून सोडून देता येत नाही हो. पहाटे उठून उपाशीपोटी गोळी, केस हातात येतात, अंगात त्राण नसतं, आणि सासरचे म्हणतात आळशी. 'गोळी आहे' हे गोळी न घेणाऱ्याला सोपं वाटतं.

सूरपेटी

थोडं अवांतर, पण थायरॉइडचा विषय निघालाच आहे तर बोलतोच.

माझी बहीण गाणं शिकवायची. तब्येत ठणठणीत. ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजात गळ्याची सोनोग्राफी होती. सात मिलिमीटरची गाठ, सुईची तपासणी, पॅपिलरी नावाचा थायरॉइडचा कॅन्सर, आणि आठवड्याभरात पूर्ण थायरॉइड काढलेला. एका बाजूची स्वरतंतूची नस गेली. आता तार सप्तक सोडा, फोनवर बोलताना धाप लागते. कॅल्शियमच्या गोळ्या जन्माच्या.

कोरियाचं वाचा. १९९९ साली तिथे सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण दवाखाने थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी करून देत. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या पंधरा पट झाली. मृत्यूंचं प्रमाण जागचं हललं नाही! साथ कॅन्सरची नव्हती, मशीनची होती. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११ टक्क्यांचं कॅल्शियम बिघडलं, २ टक्क्यांचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे थांबा म्हटलं, तेव्हा ऑपरेशनं वर्षभरात तिसऱ्या हिश्शानं कमी झाली. आपल्याकडे असं कोण म्हणणार?

लेक_नागपूरची

सूरपेटी, बहिणीबद्दल वाईट वाटलं. पण असं लिहून तुम्ही लोकांना मारताय.

माझ्या बाबांच्या गळ्याला गाठ आली, आवाज घोगरा झाला. 'थायरॉइडचा कॅन्सर काही करत नाही' असं कुणीतरी सांगितलं होतं, तेच ते आम्हाला ऐकवत राहिले. दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ श्वासनलिकेला चिकटली होती. अ‍ॅनाप्लास्टिक, थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात जीवघेणा प्रकार. गेले. थायरॉइडचे सगळे कॅन्सर सात मिलिमीटरचे आणि गरीब स्वभावाचे नसतात. मेड्युलरी असतो, अ‍ॅनाप्लास्टिक असतो. तुमचा कोरिया बाबांना परत आणणार नाही.

सूरपेटी

मी कुठे म्हटलं की हाताला लागणारी गाठ दाखवू नका? माझं वाक्य दाखवा. बहिणीला हाताला काही लागत नव्हतं, काही त्रास नव्हता. तुमच्या बाबांना दोन्ही होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही माझ्या तोंडी भलतंच घालताय.

लेक_नागपूरची

वाचणारा एवढा फरक करत नाही. बाबांनी केला नाही.

एंडो_निवासी

शिकाऊ डॉक्टर आहे, पण रोज हेच बघतो. सूरपेटींचा मुद्दा भक्कम आहे. फिनलंडमध्ये १९८५ साली इतर कारणांनी मेलेल्यांचे थायरॉइड बारीक कापून पाहिले तेव्हा तिघांपैकी एकीच्या किंवा एकाच्या थायरॉइडात बारीकसा पॅपिलरी कॅन्सर निघाला. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठी न कापता नुसत्या पाहत राहायला सुरुवात केली. दहा वर्षांत शंभरातल्या आठेक वाढल्या, चारेकांचा कॅन्सर मानेतल्या लसीकाग्रंथींत पसरला. त्यांचं तेव्हा ऑपरेशन केलं आणि ते बरे राहिले. २०१६ साली तर पॅपिलरीच्या एका प्रकाराच्या नावातून कॅन्सर हा शब्दच काढून टाकला.

पण लेक_नागपूरची म्हणतात ते ओपीडीत डोळ्यांसमोर घडतं. पाहत राहायचं तर पेशंट परत यायला हवा. जपानात येतो. आमच्याकडे गडचिरोलीहून आलेली बाई पुढच्या वर्षी सोनोग्राफीला येईल, या भरवशावर मी तिला कसा सोडू? म्हणून मग सर्जन कापतो. हे चुकीचं आहे म्हणायला सोपं आहे.

सूरपेटी

गडचिरोलीच्या बाईसाठी ठीक. माझी बहीण पुण्यात दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहते. तिला कुणी विचारलं? 'थांबून बघू या' हे वाक्य तिच्या कानावरसुद्धा पडलं नाही.

एंडो_निवासी

पडायला हवं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

टीएसएच_पुणे

मग मिठाच्या आयोडीननं कॅन्सर वाढतो का, ते तरी सांगा. तशीही एक पोस्ट फिरते आहे.

सातपुडा

आयोडीन कमी असतं तिथे थायरॉइड कॅन्सरचा फॉलिक्युलर प्रकार जास्त दिसतो, पुरेसं मिळू लागलं की पॅपिलरीचा वाटा वाढतो. आणि पॅपिलरी हाच त्यातला सौम्य प्रकार. चेर्नोबिल आठवा. १९८६ नंतर दुधातून किरणोत्सारी आयोडीन मुलांच्या पोटात गेलं. ज्यांच्या गावात आयोडीनची टंचाई होती, त्यांना कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट निघाला. उपाशी थायरॉइडनं मिळालं ते विष ओढून घेतलं.

आता माझी सगळ्यांना विनंती, सोनोग्राफीचा वेगळा धागा काढा. ती चर्चा महत्त्वाची आहे, पण इथे मूळ विषय बुडाला. जिनं गोळी सोडलीय तिच्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिला कोरियात रस नाही.

खाजण

मूळ विषयावर मी अजून तिथेच आहे. टीएसएच_पुणेंचा प्रश्न उचलतो: मोजा. उरण, पेण, अलिबागच्या गावांत लोकांच्या लघवीतलं आयोडीन तपासा. मासळीतून पुरेसं निघालं तर आमच्या तालुक्यांपुरती सक्ती उठवा आणि आमचं मीठ आमच्या बाजारात विकू द्या. कमी निघालं तर मी स्वतः आयोडीनचं पाकीट घरात आणेन आणि गावात चार लोकांना सांगेन. याहून सरळ काय असतं?

सातपुडा

मान्य. फक्त तपासणी दिवसरात्र समुद्रावर असणाऱ्या पुरुषांची नको. पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बायांची करा. त्यांना वास सहन होत नाही, त्या दिवसांत मासळी पानात पडत नाही, आणि बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं ते तेव्हापासूनच. त्यांचा आकडा पुरेसा आला तर तुमच्या बाजूनं मी निवेदनावर सही करीन.