क्वीन्स गॅम्बिटचा एक्स्चेंज प्रकार: कमी प्याद्यांनी चढाई का करायची?

प्रश्न
बुद्धिबळातल्या क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या सुरुवातीच्या (पांढऱ्याने पुढे केलेले सी-प्यादे काळा घेत नाही) एक्स्चेंज प्रकारात पांढऱ्याने डी-५ वर (डी या उभ्या स्तंभाचे पाचवे घर) मारामारी करायची, काळ्याने ई-प्याद्याने परत घ्यायचे आणि पुढे पांढऱ्याने बी-प्यादे बी-५ पर्यंत न्यायचे, हा क्रम मला पाठ आहे. परंतु ज्या बाजूला आपली दोनच प्यादी आहेत आणि समोरच्याची तीन, तिथेच चढाई का करायची, हे समजत नाही. प्यादी कापली गेल्यावर मला योजना सुचत नाही आणि तोवर काळ्याने माझ्या राजासमोर मोहरे जमवलेले असतात.

उत्तर
येथे प्यादी मोजण्यापेक्षा मारामारीनंतर कोणते प्यादे उरते ते पाहावे. काळ्याने डी-५ च्या आधारासाठी सी-६ खेळलेले असते आणि पांढऱ्याचे सी-प्यादे आधीच गेल्यामुळे सी स्तंभ त्याच्या हत्तींना मोकळा असतो. बी-५ आल्यावर काळ्याने ते घेतले तर त्याचे डी-५ चे प्यादे एकाकी पडते, म्हणजे शेजारच्या स्तंभांत त्याला आधार देणारे प्यादे उरत नाही. त्याने सी-५ ढकलले तर पांढरा डी-प्याद्याने मारतो आणि डी-५ पुन्हा एकाकीच राहते. काळा थांबून राहिला तर पांढरा सी-६ वर मारतो, काळा बी-प्याद्याने परत घेतो आणि सी-६ चे प्यादे कोणत्याही प्याद्याच्या आधाराविना अडकून पडते. बहुतेक डावांत हेच घडते.

म्हणून प्यादी कापल्यावर लगेच दुसरीकडे वळू नका. काळ्याला सी-५ खेळून ते प्यादे सोडवता येऊ नये, यासाठी हत्ती सी-१ वर आणि घोडा ए-४ मार्गे सी-५ वर आणा. काळ्या घरांवरच्या उंटांची अदलाबदल आधीच झालेली असेल तर फारच चांगले, कारण सी-५ वर पहारा देणारा काळ्याचा उंट तोच असतो.

उत्तर
मी ही रचना बहुधा काळ्याकडून खेळतो. पांढऱ्याला सी स्तंभ मिळतो तसा काळ्याला ई स्तंभ मिळतो. हत्ती ई-८ वर आणि घोडा ई-४ वर आला की राजावरचा हल्ला सुरू होतो. तुमचा डी-३ चा उंट आणि सी-२ चा वजीर ई-४ वर पहारा देण्यासाठीच असतात, तेव्हा बी-प्याद्याच्या घाईत त्यांना हलवू नका. शिवाय माझा घोडा बी-६ मार्गे सी-४ वर पोहोचणार असेल, तर तुमच्या बी-४ नंतर मीच बी-५ खेळतो. सी-६ दुबळे राहते खरे, पण सी-४ वरचा घोडा सी स्तंभ झाकतो.

प्रश्नकर्ता
म्हणजे बी-४ ची वेळ काळ्याच्या घोड्यावरून ठरवावी, असे समजू का? आणि काही खेळाडू राजाकडचा घोडा एफ-३ ऐवजी ई-२ वर का ठेवतात?

उत्तर
होय, डी-७ चा घोडा एफ-८ कडे गेला की सी-४ त्याच्यापासून लांब पडते. घोडा ई-२ वर असला की एफ-प्यादे मोकळे राहते. मग एफ-३ खेळून ई-४ हे घर काळ्याच्या घोड्याला नाकारता येते आणि सवडीने ई-४ ढकलता येते. १९५२ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत तेव्हाचे जगज्जेते बोटविनिक यांनी ग्रँडमास्टर केरेस यांच्याविरुद्ध याच मार्गाने डाव जिंकला. तो अवश्य मांडून पाहा. मात्र एफ-३ मुळे ई-३ चे प्यादे ई स्तंभावर उघडे पडते, म्हणून ई-४ पूर्वी हत्ती मध्यभागी आणणे आवश्यक असते.